काय झालं, ते विचारायचं नाही

गेल्या वर्षीचा मार्च. दुपारचे बारा, म्हणजे रॉटरडॅमला सकाळचे साडेसात. आमच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये शंभरेक बाया ग्रेडिंगच्या टेबलांवर, प्रीकूलिंगला दोन गाड्या, बाहेर कंटेनर लागलेला. तेवढ्यात मोबाईलवर पाव्हण्यांचा, म्हणजे रॉटरडॅममधल्या आमच्या नोकरीतल्या माणसाचा, मेसेज: "आज मला बरं नाही. आजारपणाची नोंद करावी. फोनवर आहे."

मी वाचलं आणि हात पुसायच्या आधी टाईप केलं, "काय झालं?"

उत्तर नाही. दोन निळ्या टिका आल्या, पण उत्तर नाही. मी पुन्हा: "ताप आहे का? पोट? डॉक्टरांना दाखवलं का?" तरी नाही. मला वाटलं, फारच झालं असणार. मग मी फोन लावला. तोही त्यांनी उचलला नाही.

तासाभरानं फोन आला तो त्यांचा नाही, तिकडं आमचे पगार बघणाऱ्या ब्युरोमधल्या बाईंचा. आवाज शांत, पण शाळेत मॅडम वर्गाबाहेर बोलावतात तसा. "तुम्ही त्यांना काय झालंय असं विचारलंत?"

"हो. का?"

"नेदरलँड्समध्ये मालकाला हे विचारता येत नाही."

मी मणेराजुरीच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडबाहेर उभा. माणूस आजारी आहे आणि मी काय झालं विचारायचं नाही. आमच्याकडं न विचारणं हा अपमान. उद्या भेटला तर म्हणेल, मेलो का जगलो विचारलं नाही मालकानं.

हे प्रकरण तिथवर पोचलं कसं, ते आधी सांगतो. कारण गेल्या महिन्यात तासगावातल्या दोघा निर्यातदारांनी मला एकच प्रश्न विचारला: "तिकडं माणूस ठेवायचा तर किती खर्च येतो?" खर्चाचं सांगता येतं. बाकीचं सांगायला वेळ लागतो.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात बोटी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागल्या. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला तीन आठवड्यांच्या आसपास पोचणारा माल पाच आठवड्यांवर गेला. द्राक्षाला दोन आठवडे म्हणजे काय, ते बागायतदाराला सांगायला नको. देठ तपकिरी पडतात, मणी गळतात. ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी लागू नये म्हणून पेटीत ठेवतात तो, कागद ओला झाला असेल तर मण्यावर पांढरे चट्टे उठतात. त्या वर्षी एका आयातदारानं माल खराब निघाला म्हणून मला तीन कंटेनरवर क्लेम लावला. एका कंटेनरात साधारण तेरा टन माल. पुराव्यादाखल आले मोबाईलवर काढलेले अकरा फोटो. त्यांतल्या चार फोटोंतल्या पनेटवर, म्हणजे द्राक्षाच्या छोट्या प्लास्टिक डब्यावर, माझं लेबलच नव्हतं. मी ओरडलो, मेल केले, दाद मागितली. पण इथनं ओरडून काय होतं? माल त्यांच्या गोडाऊनमध्ये, फोटो त्यांचे, सर्व्हेअर त्यांचा. बावीस लाख कापून पैसे आले.

तेव्हा ठरवलं, कंटेनर उघडताना आपला माणूस तिथं पाहिजे. थर्मामीटर मण्यात खुपसून तापमान बघणारा, देठ बघणारा, खरं असेल तर खरं सांगणारा. भाच्याला पाठवायचा विचार झाला. पण बिझनेस व्हिसावर मीटिंगला जाता येतं, तिथं राहून काम करता येत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. म्हणून तिथलाच माणूस शोधला. वय पंचावन्नच्या पुढं, तीस वर्षं फळं तपासण्यात गेलेली, द्राक्षाचा घड हातात घेतला की कुठल्या खंडातला ते सांगणारा. २०२५ च्या जानेवारीत ते आठवडाभर आमच्याकडं येऊन गेले. त्यांचं नाव इथल्या बायांच्या जिभेवर बसेना, म्हणून 'पाव्हणं' पडलं. पुढं मीही तेच म्हणायला लागलो.

नेमणुकीची माझी पहिली योजना एका ओळीची होती. दर कंटेनरला इतके युरो, त्यांनी बिल पाठवायचं, मी पैसे पाठवायचे. आपल्याकडं निम्मा महाराष्ट्र असाच चालतो. तिकडं अशा स्वतंत्र काम करणाऱ्याला झेडझेडपी म्हणतात. ब्युरोच्या बाईंनी मला तीन प्रश्न विचारले. कधी यायचं, कुठं जायचं, काय बघायचं, हे कोण ठरवणार? मी. त्यांनी स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवलं तर चालेल का? मुळीच नाही. कामाचे पैसे ठरावीक मिळणार? हो. "मग ते तुमचे नोकर आहेत," बाई म्हणाल्या, "कागदावर काहीही लिहा." वर हेही कळलं की अशा खोट्या स्वतंत्र लोकांबाबत तिथलं कर खातं बरीच वर्षं सबुरीनं घेत होतं. १ जानेवारी २०२५ पासून ती सबुरी संपली. मागचा कर आणि विम्याच्या वर्गण्या मालकाकडनं वसूल होऊ शकतात. आमचा करार होता १ डिसेंबर २०२४ चा. एक महिन्यासाठी कुठं झक मारता, म्हणून सरळ नोकरीच द्यायची ठरवली. फर्मची तिथल्या कर खात्याकडं मालक म्हणून नोंदणी केली, नंबर घेतला, पगारपत्रक ब्युरोकडं दिलं. पगारावर मालकाच्या वर्गण्यांचा बोजा साधारण पाचव्या हिश्शाइतका येतो, तो धरूनच पगार बोला. मी आधी पगार बोललो आणि मग बोजा ऐकला.

करारनामा सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या सीए साहेबांनी तयार केला. साहेब हुशार आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटचं कलम होतं, 'या करारास भारतीय कायदा लागू राहील व कोणताही वाद उद्भवल्यास तो सांगली न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात राहील.' ब्युरोच्या बाई ते वाचून हसल्या असणार, मला फक्त मेल आला. युरोपीय संघाचा रोम-१ नावाचा नियम आहे. करारात कुठलाही कायदा निवडा, पण माणूस रोज ज्या देशात काम करतो त्या देशाच्या कायद्यानं त्याला दिलेलं सक्तीचं संरक्षण तुम्हाला काढून घेता येत नाही. म्हणजे सांगली लिहा नाहीतर सिंगापूर, रॉटरडॅममध्ये राबणाऱ्याला डच कायदा लागूच.

दुसरं कलम: तीन महिने प्रोबेशन. आपल्याकडं तीन काय, सहा महिनेही कुणाला खटकत नाहीत. तिथं सहा महिन्यांपर्यंतच्या करारात प्रोबेशन अजिबात ठेवता येत नाही, आणि आमच्यासारख्या एक वर्षाच्या करारात जास्तीत जास्त एक महिना. मी म्हटलं, ठीक आहे, तीन लिहिलेत, कोर्ट एक धरेल. नाही धरत. मर्यादेपेक्षा एक दिवस जरी जास्त लिहिला तरी सगळं प्रोबेशनच रद्द. लोभानं तीन लिहायचे आणि हातात शून्य. हे मला आवडलं, खरं सांगायचं तर. आपल्याकडं जास्तीचं लिहून बघायचं, नडला तर कमी करू, ही जी सवय आहे तिला हे बरोबर औषध आहे.

मग मी माझी अक्कल चालवली. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते मे. म्हटलं, दरवर्षी पाच महिन्यांचा करार करू आणि मध्ये सोडून देऊ. तिथला नियम असा, की लागोपाठ तीन मुदतीचे करार झाले किंवा तीन वर्षं उलटली की पुढची नोकरी कायमची होते. पण दोन करारांत सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जून ते डिसेंबर सात महिने. मी खूश. पाव्हणं व्हिडिओ कॉलवर ऐकून घेत होते. म्हणाले, "मी जूनमध्येही जेवतो." विषय संपला. वर्षभराचा करार, आठवड्याला चोवीस तास, उन्हाळ्यात बेदाण्याच्या गिऱ्हाइकांकडं फेऱ्या. तो सहा महिन्यांच्या खंडाचा नियमही बदलायचं घाटतंय म्हणे, तेव्हा हुशारी फार दिवस टिकलीही नसती.

एक मात्र साहेबांनी नेमकं पकडलं, ते इथं लिहून ठेवतो. पाव्हण्यांना भाव ठरवायचा, सौदा पक्का करायचा अधिकार द्यायचा नाही. दिला, आणि ते फर्मच्या वतीनं सौदे करायला लागले, तर तिथं आपली 'स्थायी आस्थापना' आहे असं कर खातं म्हणू शकतं आणि नफ्यावर तिथला कर लागायचा प्रश्न उभा राहतो. म्हणून त्यांचं काम बघायचं आणि कळवायचं. भाव माझा मी बोलणार.

किरकोळ धक्के सोडून देतो. सुट्टीचा भत्ता म्हणून वर्षाच्या पगाराच्या आठ टक्के वेगळे, बहुतेक ठिकाणी मे महिन्यात. आपल्याकडं बोनस दिवाळीला कमीत कमी ८.३३, तेव्हा हे मला फार परकं वाटलं नाही. दोन दिवसांच्या कामांच्या मध्ये सलग अकरा तास विश्रांती. मी सकाळी सात वाजता उठल्या उठल्या "कंटेनर आला का?" म्हणून फोन लावायचो तेव्हा तिथं रात्रीचे अडीच वाजलेले असत. पहिल्या आठवड्यात दोनदा उचलला, तिसऱ्यांदा मोबाईलच बंद.

तर तो मार्चचा मेसेज.

बाईंनी मला यादी दिली. मालकानं काय विचारायचं: फोन नंबर आणि पत्ता, साधारण किती दिवस लागतील, हातातली कामं कोणती, कुणाच्या भेटी ठरल्यात. आजारपण कामावरच्या अपघातामुळं आहे का, हे विचारता येतं. रस्त्यावरच्या अपघातात दुसऱ्याची चूक होती का, हेही येतं, कारण मग मालकाला पगाराचा खर्च त्या दुसऱ्याकडनं मागता येतो. जवळपास एवढंच. आजार कोणता आणि का झाला, हे विचारायचं नाही. माणूस आपणहून बोलला तरी आपण ते लिहून ठेवायचं नाही. ते फक्त कंपनीच्या डॉक्टरनं बघायचं. आणि एक नोकर असला तरी असा डॉक्टर किंवा संस्था करारानं बांधून ठेवणं सक्तीचं आहे. आम्ही ठेवली होती, ब्युरोच्या बाईंनी ठेवायला लावली होती. मी तेव्हा फुकटचा खर्च म्हणून कुरकुरलो होतो.

"आणि पगार?" मी विचारलं.

"किमान सत्तर टक्के."

"किती दिवस?"

"१०४ आठवडे."

मी १०४ ला सातनं गुणलं. माणसाला धक्का बसला की असलं काहीतरी करतो. दोन वर्षं. आमचा करार मुदतीचा होता, म्हणून आमची जबाबदारी नोव्हेंबरअखेर संपली असती आणि पुढं सरकारी विमा संस्थेनं बघितलं असतं. पण कायम नोकर असता तर दोन वर्षं. आपल्याकडं ईएसआयमध्येही, म्हणजे कामगार राज्य विम्यातही, आजारपणाला सत्तरच टक्के मिळतात, पण वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि ते महामंडळ देतं. तिथं थेट मालकाच्या खिशातनं. त्यासाठी मालक लोक विमा काढतात. तो मी काढला नव्हता.

घरी सांगितलं तर धाकटा भाऊ म्हणाला, "काढून टाक की. दुसरा बघू." त्याला समजावताना माझं मलाच कळत गेलं. आजारी असताना पहिली दोन वर्षं काढता येत नाही. बरा असताना काढायचा तरी त्या सरकारी संस्थेची परवानगी नाहीतर कोर्ट. आपसात लिहून देऊन सोडला तरी सही केल्यावर त्याला चौदा दिवस विचार बदलायची मुभा. "म्हणजे लग्नच की," भाऊ म्हणाला. लग्नात चौदा दिवस तरी कुठं मिळतात.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं हे तिकडं चार-दोन माणसं ठेवणाऱ्या मालकाला फार जड आहे. फिलिप्सला जड नाही, मला आहे. हे मी अजूनही म्हणतो. पण ते 'विचारायचं नाही' मात्र डोक्यातनं जाईना.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ग्रेडिंगच्या चार नंबरच्या टेबलावरची एक बाई दोन दिवस आली नव्हती. तिसऱ्या दिवशी आली. सुपरवायझरनं नेहमीसारखं शेडच्या या टोकाकडनं विचारलं, "काय गं, काय झालंतं?" शंभर बायांच्या माना वळल्या. तिनं कात्री खाली ठेवली, पदर सारखा केला, पुन्हा कात्री उचलली. म्हणाली, "काय नाय, अंग दुखत हुतं." दोघीतिघी हसल्या. तिनं घडातला एक खराब मणी काढला, मग एक चांगलाही काढला. ते माझ्या लक्षात राहिलं, कारण चांगला मणी काढला की मी ओरडतो. त्या दिवशी ओरडलो नाही.

असं शेकडो वेळा माझ्यासमोर झालं असणार. मला ते आस्था वाटायचं. आस्था असतेही. तिच्या पोरीच्या बाळंतपणात दवाखान्याला पाच हजार मीच दिले होते, उचल म्हणून. उचल म्हणजे पुढं फिटायची. आणि त्या दोन दिवसांची हजेरी मात्र कापली होती.

सुपरवायझरला सांगितलं, असं सगळ्यांच्या देखत विचारत जाऊ नका. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच आजारी आहे. आता ती बाईला कोपऱ्यात नेऊन विचारते. एवढीच सुधारणा.

इकडं तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरचा कागद आला. आजाराचं नाव नाही. फक्त काय जमेल आणि काय नाही: दहा किलोच्या वर उचलायचं नाही, शीतगृहात जायचं नाही, दिवसाला चार तास बसून काम चालेल. सहाव्या आठवड्यापर्यंत आजारपण चाललं असतं तर डॉक्टरनं पूर्ण विश्लेषण लिहायचं, आठव्या आठवड्यापर्यंत मालक-नोकरानं मिळून परत कामावर यायचा आराखडा करायचा, मग दर सहा आठवड्यांनी बैठक आणि सगळ्याची फाईल. मालकानं यात चालढकल केली असं ठरलं तर दोन वर्षांवर आणखी एक वर्ष पगार चढू शकतो. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. त्यांना घरून फोटो तपासायचं काम दिलं. आयातदारांनी पाठवलेले फोटो, आमच्या पॅकिंगचे फोटो, बॅच नंबर, तापमानाच्या रेकॉर्डरचे आलेख. बसल्या जागी त्यांनी दोन क्लेम परतवले. एका फोटोतला पनेट आमचा नव्हताच, झाकणाच्या छिद्रांवरनं ओळखला. पाचव्या आठवड्यात ते पूर्ण कामावर आले.

आई मात्र त्या कागदावर अडून बसली होती. तिला मी वाचून दाखवायला नको होता, ते आता कळतंय. "गारव्यात जायचं नाही म्हणजे दमा असणार." दुसऱ्या दिवशी: "वजन उचलायचं नाही म्हणजे हर्निया. तुझ्या चुलत्याला सांगितलंतं तसंच." मग आठवडाभर हृदय. दर रविवारी फोनवर मामाशी चर्चा. मी म्हणायचो, आपल्याला माहीत असायची गरज नाही. ती म्हणायची, "गरज कुणाला हाय? काळजी हाय."

करार नोव्हेंबरअखेर संपत होता. सहा महिने किंवा जास्त मुदतीच्या करारात, तो पुढं चालू ठेवणार की नाही हे मालकानं किमान एक महिना आधी लेखी कळवावं लागतं. विसरलात तर दंड एक महिन्याच्या पगारापर्यंत. ही तारीख येते ऑक्टोबरअखेर. म्हणजे छाटण्यांचा जोर, दिवाळी, आणि त्या साली पावसानं बागांची केलेली दैना, सगळं एकाच वेळी. पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नान करून ओल्या डोक्यानं मी मेल लिहिला: करार आणखी एक वर्ष, पगार थोडा वाढवून. आजारपणाचा विमाही काढला. त्याचं उत्तर पाव्हण्यांनी दोन शब्दांत दिलं आणि खाली, मराठीत लिहिलेलं गूगलवरनं उचलून, 'शुभ दिवाळी'.

या जानेवारीत ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी आईनं जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, त्यांच्यासाठी तिखट कमी. त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या. दूध-तूप कसं घ्यायचं ते भाच्याकडं बघून शिकले. हात धुऊन सगळे सोप्यात बसले, सुपारीचं ताट फिरलं. आणि आईनं पदर खोचला.

"इच्चार रे त्यांना," ती भाच्याला म्हणाली, "गेल्या साली काय झालंतं?" भाचा माझ्याकडं बघायला लागला. तो तोंड उघडेना म्हणून आईनं स्वतःच हात लावून दाखवायला सुरुवात केली. आधी छाती. मग पाठ. मग पोट. प्रत्येक ठिकाणी थांबून पाव्हण्यांच्या तोंडाकडं बघायची.

आई फर्ममध्ये चाळीस टक्क्यांची भागीदार आहे. म्हणजे नियमानं तीही मालकच.

पाव्हणं हसले, खुर्ची पुढं ओढली आणि आईकडं झुकून बोलायला लागले. मी उठलो, चपला घातल्या आणि कंटेनर लागला का ते बघायला बाहेर गेलो. कंटेनर रात्री आठला येणार होता.